आपल्या घराण्याचं चोख रक्त

लखनौ, आलमबाग

तीर्थरूप दादांच्या पायांशी दत्तूचा दंडवत.

मास्तरांची पट्टी टेबलावर पडायची, टक्-टक्-टकाटक्, आणि त्या ठेक्यावर सगळी शाळा कविता म्हणायची, आठवतं? (ओळ तुम्ही चुकायचात आणि बोट शेजाऱ्याकडे दाखवायचात.) गुडघा कसा आहे? आमच्या मृणालच्या प्रयोगशाळेतलं एक यंत्र अगदी त्याच ठेक्यात वाजतं. मी डोळे मिटून दोन कडवी म्हटली, तर लेकीनं मला बाहेर बाकावर नेऊन बसवलं.

गेलो होतो रक्त द्यायला. तुमच्या नातीचं, मैत्रेयीचं पोट ज्यानं फुगतं, त्याच आनुवंशिक आजारावर मृणालचं काम चालतं. रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, बशीत खाऊपिऊ घालून वाढवायच्या, आणि त्या चरबीचा कचरा पचवतात की नुसता साठवतात ते बघायचं. (साठवतात. 'तुमच्या ट्रंकेसारखं, बाबा!' ट्रंकेत माझ्या चौथीपासूनच्या कवितांच्या वह्या आहेत. हा कचरा?) तुलनेला एक निरोगी माणूस हवा होता. मी छाती काढून पुढे झालो. गेल्या दिवाळीत सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणालात ना, दोष सूनबाईच्या माहेरचा, आपल्या घराण्याचं रक्त चोख! मीही मान डोलावली. शर्मिष्ठा पोरीला घेऊन माहेरी गेली ती त्याच दिवशी.

तर दादा, आठवडाभर माझ्या पेशींचे लाड झाले. मृणाल रविवारीसुद्धा त्यांना भरवायला जायची. मला मात्र फ्रिजमधली कालची दाल. प्रयोगशाळेतला गजेंद्र म्हणाला, "बाबूजी, आपके सेल तो बड़े नवाब हैं, टाइम पे खाना माँगते हैं." मी फुललो. मग निकाल आला: पाचक रस निम्माच. जनुकाची तपासणीही तेच म्हणाली. मला आजार नाही, पण दोष आहे, आणि तो आपल्या आईकडून किंवा अप्पांकडून आलेला. मुलाला आजार व्हायला दोन्हीकडून एकेक दोष लागतो म्हणे. म्हणजे अर्धा वाटा त्यांचा, अर्धा बहुधा आपला. निरोगी माणसांच्या यादीतून माझं नाव खोडलं. (कवितेत कधी नापास झालो नाही, रक्तात झालो.)

बाकी इथे थंडी बरी आहे.

ता. क. गुडघ्याची चौकशी हे निमित्त, पत्र खरं यासाठी. तुम्ही रक्त तपासून घ्या आणि शर्मिष्ठेची माफी मागा. आजारावर औषध आहे, पोरीला इथे पाठवायला सांगा. मीच आधी माफी मागितली असती, पण तुम्ही थोरले, मान तुमचा.

आणखी एक. बेल वाजली म्हणून उठलो. दारात शर्मिष्ठा, कडेवर मैत्रेयी, अमौसीच्या विमानतळावरून थेट. मृणालनं परस्पर बोलावलं म्हणे. "काका, आत येऊ ना?" असं विचारतेय, आणि मी 'आलोच' म्हणून तिला उंबऱ्यावर उभी करून हे लिहितोय. माफीची दोन शब्दांची ओळ, दादा, तीही अडलीय. आणि बोट दाखवायला शेजारी कोणी नाही.