मागच्या सीटवरचा पिंपळ

व्हिटबी
१६ एप्रिल २०२५

चि. सौ. स्वाती हिस आईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून ई-मेल कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोलायला लागले की हे माझ्या शेजारी येऊन बसतात, आणि सांगायचं आहे ते ह्यांच्याबद्दलच.

आपला पिंपळ गेला. जानेवारीत आम्ही नागपूरला असताना इथे घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली आणि हॉलमधलं झाड गारठून काळं पडलं. भारत सोडताना ह्यांच्या आईनं रुमालाच्या गाठीत बी बांधून दिलं होतं, त्याचं ते झाड. दर बुद्धपौर्णिमेला इथली आपली सगळी माणसं त्याच्यासमोर वंदनेला बसायची. यंदा ह्यांनी कुणालाच बोलावलेलं नाही. रिकाम्या कुंडीकडे पाठ करून बसतात, आपल्या लोकांच्या असोसिएशनच्या मीटिंगला जात नाहीत, गाडीला तर हात लावत नाहीत. दुकानातून दुसरं रोप आणू का विचारलं, तर ताटावरून उठून गेले.

त्याच झाडाच्या फांदीपासून केलेलं रोप ह्यांनी तुम्हाला दिलं होतं. ते जगलंय ना गं? पौर्णिमेला घेऊन येता का? धम्मदीप आम्हा आईबापांना सोडून नोकरीसाठी न्यूफाउंडलंडला गेला याचा राग ह्यांनी अजून सोडलेला नाही, तुमच्या घरात एकदाही पाऊल टाकलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मागते आहे. मला माझा माणूस पूर्वीसारखा हवा आहे.

बाकी क्षेम. उत्तर लवकर धाड, म्हणजे लोभ पोचला असं समजेन.

तुझी
आई

सेंट जॉन्स
१९ एप्रिल २०२५

आदरणीय आईंना स्वातीचा सविनय जयभीम. वि. वि.

येतो! आणि त्याला आता रोप म्हणू नका, माझ्या खांद्याला लागतंय. एवढं झाड विमानात कोण घेणार? म्हणून गाडीनं निघतोय. हे बेट आडवं ओलांडण्यातच एक दिवस जाईल. मग रात्रभराची फेरीबोट, पुढे नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, ब्रॉसार्डला माझ्या मैत्रिणीकडे, अनुयाकडे मुक्काम, आणि मग घर. दीपनं आधी कपाळाला हात लावला. आता मात्र दिवसातून चारदा नकाशा उघडतो आणि माझा रस्ता कसा चुकीचा आहे ते समजावतो. गाडीचे बर्फासाठीचे विंटर टायर्स काढायचे नाहीत, यावर तेवढं आमचं एकमत झालंय.

आई, त्याचं मन यात फार गुंतलंय. सांभाळता आलं नाही तर परत आणून दे, असं बाबांनी रोप देताना त्याला बजावलं होतं. झाड कसं फोफावलंय ते बघून तरी, मुलाचं बेटावर नीट चाललंय असं बाबांनी एकदा म्हणावं, एवढंच त्याला हवंय.

बाबांना यातलं काही सांगू नका. तुमच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा हे वाचून लगेच डिलीट करा.

तुमच्या हातच्या वड्याभाताच्या आशेवर असलेली,
स्वाती

पोर्ट ओ बास्क
८ मे २०२५

आदरणीय आईंना सविनय जयभीम. वि. वि.

आई, घोळ झाला. आधीच सांगते, आम्ही दोघं धडधाकट आहोत.

फेरीच्या रांगेत तपासणीवाल्या बाईंनी मागच्या सीटवर, बेल्ट लावून बसवलेला आपला पिंपळ पाहिला आणि हा जाणार नाही असं अगदी गोड शब्दांत सांगितलं. इथल्या मातीत बटाट्याचा एक रोग आहे, म्हणून बेटावरची माती बाहेर नेता येत नाही. धक्क्यावर तशी पाटीच आहे, आम्ही ती दर खेपेला बघतो. पण ती बटाटेवाल्यांसाठी आहे असं धरून चाललो. दोघंही इंजिनियर! बोधिवृक्षाला कोण अडवणार, असंही कुठेतरी मनात असणार.

मुळं धुऊन नेण्याची परवानगी काढायला वेळ लागला असता. शिवाय बाहेर वारा असा बोचरा, की उघड्या मुळांचं झाड तुमच्यापर्यंत जगलंच नसतं. दीप परत फिरू या म्हणाला. रिकाम्या हातांनी बाबांसमोर उभा राहणार नाही म्हणाला आणि रडला हो. मग मीच स्टिअरिंगवर बसले. झाड नाही तर नाही, बाबांना निदान मुलगा तरी दिसू दे, असं त्याला सुनावलं. इथल्या लॉजच्या मालकीणबाईंनी झाड त्यांच्या उन्हाच्या खिडकीत ठेवून घेतलंय. परतताना घरी नेऊ.

दहा मिनिटांत फेरीत चढतोय. काळजी करू नका, मी चालवतेय.

तुमचीच
स्वाती

व्हिटबी
१० जून २०२५

चि. धम्मदीप आणि चि. सौ. स्वाती यांना बाबांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही पोचलात आणि पिंपळ पुन्हा तुमच्या खिडकीत बसला हे कळलं. फोटो पाहिला.

दारात धम्मदीपनं तोंड उघडण्याआधीच मी झाड कुठे अडवलं असं विचारलं, तेव्हा तुमचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. स्वातीचं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुमच्या आईनं मला सगळं सांगितलं होतं. मी गप्प राहिलो, कारण तुमची वाट बघायला मला बरं वाटत होतं.

तपासणीवाल्या बाईंचं बरोबरच होतं. माझा जन्म फूड फॅक्टरीत क्वालिटी तपासण्यात गेला, मीही अडवलं असतं. पाट्या न वाचणाऱ्या इंजिनियरांबद्दल जास्त लिहीत नाही.

झाडाशिवाय वंदना कोरडी होईल असं मला वाटलं होतं. पण धम्मदीप शेजारी बसून म्हणत होता आणि मला दोनदा थांबून चष्मा पुसावा लागला. मुला, तुझं तिकडे बस्तान बसणार नाही, वर्ष-दोन वर्षांत परत येशील, असं मी धरून चाललो होतो. फोटोतलं झाड तुझ्या खांद्यापर्यंत आलंय. तुझं नीट चाललंय. हे मी लिहून देतो आहे, जपून ठेव.

झाडाला बेट सोडता येत नाही, ठीक आहे. मला व्हिटबी सोडता येतं. काल गाडी सर्व्हिसिंगला दिली आणि ऑगस्टची फेरी बुक केली. अर्धा रस्ता मी चालवणार, अर्धा तुमची आई, आणि वाटेत पाट्या मी वाचणार. श्रावणातल्या पौर्णिमेची वंदना तुमच्या घरी, तुमच्या पिंपळासमोर.

हॉलमधली मोठी कुंडी सोबत आणतो आहे. काल अंगणात बसून ती स्वतः घासली, मातीचा कण ठेवलेला नाही. तुमचं झाड वाढतंय, त्याला आता ती लागेल.

लोभ आहेच, खिडकीपाशी जागा करून ठेवा.

तुमचा
बाबा