क्रेनसमोर आलेल्या पाखराबाबत खुलासा

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
जड माल विभाग, मुख्य गोदाम.

विषय : काम विनाकारण थांबवल्याबाबत खुलासा व क्रेनवरून उतरवून घेण्याची विनंती.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. भार अधांतरी असताना मी वारंवार क्रेन थांबवली व "मध्ये पाखरू आले" असे सांगितले, हे खरे आहे. शेडला जाळी असल्याने पाखरू आत येऊ शकत नाही, हा आपला शेराही योग्य आहे.

२. पाखरू माझ्या डोळ्यात होते. नजर वळवीन तिकडे एक काळा ठिपका तरंगत जाई. आधी ते मला खरेच पाखरू वाटले. पुढे वाटेनासे झाले, तरी तेच सांगत राहिलो. सहकारी मला 'पक्षीमित्र' म्हणू लागले, तेव्हा मीही हसलो.

३. मला शाळकरी वयापासून मधुमेह आहे. ऐन पंचविशीत 'शुगरवाला' म्हणवून घेण्याची लाज वाटते, म्हणून इन्सुलिन मी संडासात उभ्याने टोचून घेतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषधाचे थेंब घालून आत पाहिले. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावरील केसाहून बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन तेथे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवल्या आहेत. त्यांतील एकीचे रक्त डोळ्यात उतरले आहे. डॉक्टर म्हणाल्या, "दुखत नाही, दिसतंही बरं, म्हणून तुझ्या वयाची मुलं येतच नाहीत. दरवर्षी दाखवायला हवं होतंस." लेसरचे उपचार सुरू आहेत. उरलेली नजर टिकावी, एवढ्यासाठी.

४. खालून इशारे देणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी "पाखरू मीही पाहिले" असा लेखी जबाब दिला आहे. तसा जबाब द्यायला मी त्यांना सांगितले नव्हते. विचारले, तर म्हणाले, "तू म्हणालास ना आलं, मग आलं असणार. तू वर असलास की मी निर्धास्त असतो." महोदय, त्यांच्या डोक्यावर तेव्हा लोखंडी तुळई असते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

५. तरी दादांवर खोट्या जबाबाची कारवाई करू नये. मला जमिनीवरचे पडेल ते काम द्यावे. आदेश टपालाने घरी न पाठवता माझ्या हाती द्यावा. आईला हे मला स्वतः सांगायचे आहे.

६. आदेशास वेळ लागेल, हे जाणतो. परंतु आज सकाळी मी क्रेनची किल्ली दादांच्या हाती दिली. "का रे?" त्यांनी विचारले. यंत्रे चालू होती, त्यामुळे मला ओरडून सांगावे लागले. माझे वाक्य संपण्याआधीच कोणीतरी यंत्रे बंद केली, आणि उरलेले सगळ्या शेडने ऐकले.

आपल्या आदेशाची वाट पाहत गेटजवळच्या बाकावर बसलेला,
आपला नम्र,
क्रेनचालक, सकाळची पाळी
दिनांक : आजचा

सोबत : नेत्रतपासणीचा अहवाल.