शिक्क्यावरचं गाव

मेहरूण, जळगाव
मंगळवार, १७ जानेवारी १९८९

ती. अक्कास गिरधरचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. थंडीने तुझे गुडघे धरले असतील. मला आकाशवाणी केंद्रावर कार्यक्रमप्रमुख करून दोन महिने झाले, तरी दुपारची श्रोत्यांची फर्माइश मी स्वतःच वाचतो. सवय सुटत नाही.

हे पत्र तुझ्या हातात देणारी भिकुबाई दारात खोळंबली आहे. तिला साडेसहाची असोद्याची गाडी धरायची आहे, म्हणून मुद्द्याचं लिहितो. काल फर्माइशीत तुझ्या सुनंदाचं नाव ऐकलंस ना? भाऊजींनीही ऐकलं.

दिवाळीत निंबाबरोबर घर सोडल्यापासूनचं तिचं हे पहिलंच कार्ड. तिने नुसती दोघांची नावं लिहिली होती, सुनंदा आणि निंबा. गाव मुद्दाम गाळलं होतं. पण लोक गाव लिहायला नेहमीच विसरतात, मग आम्ही पोस्टाचा शिक्का पाहून ते वाचतो. एकोणीस वर्षं हेच केलं. तोंडातून 'दोंडाईचा' निघून गेलं.

आज सकाळी भाऊजी दोन पुतण्यांना घेऊन केंद्राच्या फाटकावर आले.

"सगळ्या मुलखाले गाव सांगतलं, अन् मलेच पत्ता देत नही? मोठा रेडिओवाला मामा!"

मी म्हटलं, "भाऊजी, सुनंदा नावाच्या पोरी काय कमी आहेत?"

"अन् त्या सगळ्यायच्या संगं निंबाच हाये का? उद्या सकाळी जीप काढतो. पोरीले घरी आणतो. त्याले सोडत नही."

धाकटा पुतण्या हसला. भाऊजींच्या ओरडण्यापेक्षा मला त्या हसण्याची भीती वाटली.

अक्का, एक गोष्ट वर लिहायची टाळली. अक्षर मी पाहताक्षणी ओळखलं होतं. नातलगांची कार्डं वाचायची नाहीत, हा नियम माझाच. तरी तिचं कार्ड गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवलं. पोर जिवंत आहे, गाणं मागण्याइतकी सुखात आहे, हे तुझ्या कानावर पडावं एवढंच डोक्यात होतं. त्याच आनंदात शिक्का वाचला.

तिचा पत्ता मलाही ठाऊक नाही. निरोप द्यायला माइकच होता. आज दुपारी सांगितलं, "कालच्या सुनंदा-निंबा यांच्या पत्राचं गाव वाचताना चूक झाली. पत्र दोंडाईचाचं नसून सुरतेचं आहे." सुनंदाने ऐकलं असेल तर तिला समजेल, ती तिथून निघेल. पण तिला एखादा दिवस मिळायला हवा. साहेबांनी ते कार्ड मागितलंय आणि मी ते फाडून टाकलंय. उद्या लेखी खुलासा द्यायचा आहे. खुर्ची राहील असं वाटत नाही. माइकवर खोटं बोललो ते आयुष्यात पहिल्यांदा.

भाऊजींना ते सहजी पटणार नाही. आज रात्री ते तुलाच विचारतील. माझं खोटं लहानपणापासून तूच पकडत आलीस, हे ते जाणून आहेत. त्यांच्यापुढे तू कधी खोटं बोलली नाहीस, हेही मला माहीत आहे.

आज बोल. "गिरधर खरं सांगतो," एवढंच. आणि बोलताना मान खाली घालू नकोस.

हे वाचून चुलीत घाल.

तुझ्या एका शब्दावर तिचा जीव ठेवून बसलेला,
गिरधर