कापलेला दांडा

अबू हलीफा, कुवेत, मंगळवार, ६ ऑक्टोबर १९९८

काल लिहिलं की सदाकाकांनी बाबांचं जपानी गिरमिट मोडलं. चूक. त्यांनी ते कापलं. दोन तळहातांत घुसळून फिरवायचा लांब लाकडी दांडा, ड्रिल मशीनमध्ये बसावा म्हणून करवतीनं कापला!

"सुमे, हातानं घुसळायला ते काय ताक आहे?" वर हसले.

त्याच गिरमिटानं बाबांनी मला भोक पाडायला शिकवलं. दांडा आता चार बोटं उरलाय. निर्लज्ज माणूस. पण बाबा गावी असताना हत्यारपेटी उघडून दिली कोणी? मीच. मला काकांना नाही म्हणता आलं नाही. चार बोटं, फक्त.

काकाच बाबांना विमानतळावरून आणणार आहेत. चहाच्याही आधी दोघांसमोर सांगणार. पहिली माझी चूक, मग त्यांची. शुक्रवारी, नऊ तारखेला.