शाल सोडून सगळं धुतलं

९ फेब्रुवारी, रविवार
उद्या चर्चमध्ये बायकोची, फ्लोराची, महिन्याची मिस्सा. पावांची ऑर्डर दिली. आठ दिवस अंगाला खाज आहे, बोटांच्या बेचक्यात आणि कमरेला जास्त. उष्णता असणार. ती गेल्यापासून जेवण वेळेवर नाही. ताक सुरू केलं. उद्यापर्यंत उतरेल.

१० फेब्रुवारी, सोमवार
उतरली नाही. प्रवचनाच्या वेळी पाठ बाकाला घासली, अगदी हळू. मागे शेजारची प्रिस्का होती. माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं, आवाज अजून तिथलाच. खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाली, रड सॅन्टन, रडून घे, कोन काय बोलनार नाय. पुढचे दोन बाक वळून बघू लागले. हॉस्पिटलात फ्लोराजवळ ती आळीपाळीने बसली होती, म्हणून काही बोललो नाही.
नंतर दारात कोणाशी हात मिळवला नाही, नुसते जोडले. लोक म्हणाले, किती खचलाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
डॉ. नेहलकडे गेलो. माझ्या मुलापेक्षा लहान. हात बघून म्हणाली, अंकल, ही खरूज आहे. मी म्हटलं, अ‍ॅलर्जी असेल. ती म्हणाली, खरूज. खरूज वसतिगृहात होते. सुशिक्षित माणसाला अ‍ॅलर्जी होते.
पांढरं लोशन दिलं. मानेपासून तळव्यापर्यंत, एक जागा सोडायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग आंघोळ. अंगाला लागणारं सगळं गरम पाण्यात धुवायचं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. द्रव पदार्थ कसे वापरायचे हे मला सांगायला नको.
घरी लेबल वाचलं. खरूज आणि उवा, दोन्हींवर चालतं. मला केस नाहीत. म्हणजे निम्मी बाटली पुरे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
खाजतं तिथेच लावलं. बाकीच्या जागी लावणं म्हणजे नासाडी. पाठीपर्यंत हात पोचत नाही. पाठीला बाम लावायचं काम फ्लोराचं होतं. उलथन्याला दाढीचा ब्रश बांधला. सिस्टीम चांगली आहे. भिंतीला थोडं जास्त लागलं.
शाल सोडून सगळं धुतलं. ही तपकिरी शाल हॉस्पिटलातून फ्लोराच्या पिशवीत आली. तिला अजून तिचा वास आहे. किंचित खारा, समुद्रावरच्या वाऱ्यासारखा. पाण्यात घातली की जाईल. झोपताना गळ्याशी घेतो, तेवढंच. शाल स्वच्छ आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
आजी गेल्यापासून नात जीना दर शनिवारी राहायला येते. सात वर्षांची आहे. ती असली की घरात आवाज असतो.
आज आली नाही. विरारच्या मनवेलपाड्याहून मुलाचा, डेरिकचा फोन. तिच्या बोटांवर पुरळ आलंय. मागून सूनबाई जेनिफर सांगत होती, नीट सांगा त्यांना, नीट सांगा. त्याने नीट सांगितलं. डॅडी, तुमचं पूर्ण बरं झाल्याशिवाय जीनाला पाठवणार नाही. मग जीनाने फोन ओढून घेतला. आजोबा, मला पन पांढरं लावलं, मी भूत दिसते. पुढच्या शनिवारी नक्की ये म्हटलं.
शाळेतून आणलं असेल. शाळांत काय काय असतं मला माहीत आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार
जीना पहिल्याच फेरीत बरी झाली. मी नाही. विरारचं पाणी वेगळं असेल. डॉ. नेहलने विचारलं, सगळं धुतलं ना? मी म्हटलं, सगळं. दुसरी बाटली आणली. लोशन पातळ वाटतं.

५ मार्च, राखेचा बुधवार
आजपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस खाजवायचं नाही, असा उपास धरला. मटण सोडण्यापेक्षा कठीण, म्हणून पुण्यही जास्त.
त्याच दिवशी, ११.२०. चर्चमध्ये कपाळाला राख लावून बाकापर्यंत येईतो मोडला. उद्यापासून.

८ मार्च, शनिवार
डेरिक आला. पाठीला मी लावून देऊ का, म्हणाला. गरज नाही म्हटलं, सिस्टीम आहे. त्याने भिंत बघितली. जाताना म्हणाला, डॅडी, जीना रोज विचारते.
तो येण्याआधी शाल उशीखाली ठेवली होती. उगाच प्रश्न नकोत.

१५ मार्च, शनिवार
जीनाशिवाय पाचवा शनिवार. तिसरी बाटली संपली. डॉ. नेहलने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, अंकल, रोज अंगाशी असतं आणि धुतलं नाही, असं काय आहे? शाल म्हटलं. कोणाची तेही सांगितलं. तिने पेन पुन्हा उचललं. मग म्हणाली, धुवा.
उन्हात घालायचं ठरवलं. ऊन सगळ्यात जुनं औषध. वासही राहतो.

१६ मार्च, रविवार
केळींच्या कडेला दोरीवर शाल घातली. अर्ध्या तासात प्रिस्का कुंपणाशी. अरे, ही माझी शाल! हॉस्पिटलात राहिली ती. तेव्हा मला खरूज आलेली ना, म्हनून मी शोधली पन नाय. म्हटलं गेली ते बरं झालं. तू कशाला सांभाळलीस?
मी विचारलं, फ्लोरा कधी पांघरायची का?
छे रे! थंडी वाजते म्हनून मी द्यायची, ती ढकलायची. म्हनायची, प्रिस्का, तुझ्या शालीला सुक्या बोंबलाचा वास येतो.
हसली. मग माझ्या हातांकडे बघितलं आणि हसायची थांबली. गरम पानी लाव तिला, म्हणाली.
जीनाला झोपताना ती मीच पांघरवली होती. आजीची म्हणून.

१७ मार्च, सोमवार
शाल मोठ्या पातेल्यात उकळली. दोनदा. डेरिकला फोन करून पाठीचं सांगितलं. संध्याकाळी ऑफिसातून सरळ आला. मानेपासून कमरेपर्यंत लावलं, एक जागा सोडली नाही. मी म्हटलं, खरूज आहे. तो म्हणाला, हो डॅडी.

२९ मार्च, शनिवार
डॉ. नेहल म्हणाली, गेली. जीना दुपारी येणार. भिंत पुसून ठेवली.
प्रिस्का शाल घ्यायला आली. नाकाशी धरून म्हणाली, आता हिला कसलाच वास नाय.
मी म्हटलं, हो.