सोफ्यामागचं रडार

तीर्थस्वरूप नंदामामा,

साष्टांग नमस्कार. (आईने असंच लिहायला सांगितलंय. आठ अंगं नेमकी कुठली, ते भेटल्यावर सांगा.) मामींचा गुडघा कसा आहे? आम्ही इंदिरा नगरात मजेत.

रविवारी देविकाला बघायला गेलो होतो. तुमच्याच स्क्वाड्रनमधले इंद्रजित काका, त्यांची मुलगी. मला ती फोटोतच आवडली होती, म्हणून गप्प बसायचं ठरवलं होतं. पण पोहे आले आणि काकांनीच विचारलं, "अच्छा अमोघ, चिनहटच्या कंपनीत तू हायपरसॉनिक इंजिनावर काम करतोस ना? येणारं क्षेपणास्त्र पाडायला त्या इंजिनाचा काही उपयोग आहे का रे?" मामा, हे मला आजवर कुणीच आपणहून विचारलं नव्हतं!

मी म्हटलं, आहे, पण लोकांना वाटतो तितका नाही. हवा खेचून चालणारं इंजिन लांबपर्यंत वेगात जातं, खरंय. पण ते पेटायलाच आधी रॉकेटचा धक्का लागतो, आणि पाडणाऱ्याकडे वेळ असतो थोडा. तिथे साधं रॉकेटच बरं. खरी अडचण वेगाची नाही, दिसण्याची आहे. क्षेपणास्त्र कमी उंचीवरून येतं, पृथ्वी गोल, म्हणून जमिनीवरच्या रडारला ते फार उशिरा दिसतं. काकांना पटेना. मग मी त्यांना सोफ्यामागे बसवलं. (काका रडार, सोफा म्हणजे पृथ्वीचा फुगवटा, लाडू म्हणजे क्षेपणास्त्र.) बेसनाचा लाडू धरून मी वाकून निघालो. तेवढ्यात देविकाची आई, लताकाकू, चहाचा ट्रे घेऊन सोफ्यामागून आल्या, काका "दिसला!" म्हणून ओरडत उठले आणि ट्रे उडाला. सिद्धांत सिद्ध झाला, पण काकांची कंबर धरली.

देविका फरशी पुसता पुसता म्हणाली, "यार, मग रडार उंचावर ठेवायचं ना! बाबांना खाली कशाला बसवलं?" मामा, आमच्या अख्ख्या ऑफिसात इतकं सरळ कुणी बोलत नाही. मी तेव्हाच संपलो.

रिक्षात आई एवढंच म्हणाली, "पोहे तरी संपवायचेस."

बाकी क्षेम.

तुमचा भाचा,
अमोघ

ता. क. काकांना फोन करून कंबरेची चौकशी करा ना. बोलता बोलता, मुलगा तसा नॉर्मल आहे, हेही घाला.

आणखी ता. क. फोन राहू द्या. आत्ताच देविकाचा मेसेज आला: "बाबांचा होकार आहे. पडल्या पडल्या पुढचं ऐकायचंय त्यांना. माझा हवा असेल तर कॉफीला ये आणि एक तास क्षेपणास्त्राचं नाव काढू नकोस." मामा, लोक एक तास कशावर बोलतात? विषय लवकर कळवा. हवामानावर दहा मिनिटं जमतील मला, वाऱ्याचा वेग येईपर्यंत.