निर्जळीचा मांडव

पिंपळमळा,
१२ जून

चि. सौ. विजयमालास, सयाजीदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू मला तोंड उघडू देत न्हाईस, म्हणून पत्र. आमची कराडला जाणारी सकाळची बस बंद झाली हाय. राजेश्वरीचं बारावीचं वरीस. धैर्यशील म्हणतो, बस न्हाई तर कॉलेज न्हाई, पोरीला स्थळं बघू. पोटचा लेक असून असा बोलतो! नात माझी धड जेवत न्हाई, माझा जीव तुटतोय गं.

म्हणून चावडीसमोर मांडव घालून साखळी उपोषण धरलं. रोज पाच माणसं बसायची, दुसऱ्या दिवशी दुसरी पाच. फौजेत असतं तर एका हुकमात भागलं असतं. इथं नानासो रुसला, कारण फ्लेक्सवर त्याचा फोटो बारका आला. नाथाजी नेमानं येतो, पण त्याचा राग आमदारावर, बसशी देणंघेणं न्हाई. शिवाय भजी खाऊन येतो. काल मांडवात मी आणि एक कुत्रं.

पाव्हण्यांना रामराम. दादावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
सयाजीदादा

माधवनगर,
१४ जून

ती. दादास, विजयमालाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. राजेश्वरीला म्हणावं, आत्याआजी जिवंत आहे तोवर बोहल्याची घाई कुणी करणार नाही.

दादा, तुम्ही कवायत घेताय, माणसं गोळा करत नाही. अठराला निर्जळी एकादशी. बायकांना म्हणा, उपास घरात करता तो मांडवात येऊन करा. बायका आल्या की बाप्ये लाजेकाजेनं येतीलच. आणि रक्तदाबाच्या गोळ्या उपाशीपोटी गिळू नका, सुभेदारसाहेब.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी चालेल, विसरू नका.

तुमची,
विजयमाला

पिंपळमळा,
२० जून

चि. सौ. विजयमालास, अनेक आशीर्वाद, वि. वि.

लय डोक्याची निघालीस! एकादशीला मांडव पुरेना, देवळातल्या सतरंज्या आणाव्या लागल्या. दुपारी आगाराचे साहेब सरबत घेऊन आले. बसचं बघतो म्हणाले, नुसतं तोंडी. खोटं कशाला बोलू, मी पेल्याला हात घातलाच होता. पण पुढं बसलेल्या रंगूबाईनं, म्हणजे नानासोच्या मालकिणीनं, आपला पेला बाजूला सारला. मागनं साऱ्या बायकांनी माना हलवल्या. निर्जळी ती, थेंब चालत न्हाई. मी बी गपचूप पेला खाली ठेवला. साहेबांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, तोंडी शब्दावर ह्या पाणीसुद्धा घेईनात. घाम फुटला गड्याला. दिवस मावळायच्या आत सहीशिक्क्याचा कागद हातात!

आज राजेश्वरी बसनं कॉलेजला गेली. धैर्यशील स्वतः थांब्यावर सोडायला आला, स्थळाचं नाव न्हाई. मला रडू आवरलं न्हाई बघ.

मग रंगूबाईला म्हटलं, तुमची एकादशी कामाला आली. ती पदरात हसली. म्हणाली, आवं सुभेदार, पित्तापायी एकादशी धरायची कवाच बंद केलीया. बससाठी बसते म्हणले असते तर मालकांनी उंबरा ओलांडू दिला नसता. देवाचं नाव काढलं, तवा त्यांनीच गाडीवरनं आणून सोडलं. बस नव्हती म्हणून सातवीत तिचीही शाळा सुटली होती म्हणं. त्या दिवशीचा उपास तिनं माझ्या नातीसाठी धरला होता.

सगळ्यांना आशीर्वाद. आता तू बी जीव लावून लिहीत जा.

तुझा,
सयाजीदादा